लकव्यानंतर वाकड्या पायाचं ऑपरेशन : चाल सुधारली हे कशावरून म्हणायचं?

ऑपरेशनला सहा महिने झाले की ओपीडीत ठरलेला प्रश्न येतो, "काय बाबा, चालणं कसं आहे आता?" उत्तरही ठरलेलं, "आते बरं शे." केसपेपरवर 'चाल सुधारली' अशी ओळ पडते आणि पुढचा नंबर पुकारला जातो. त्या ओळीतून काहीच हाती लागत नाही. किती सुधारली? अनवाणी की बूट घालून? काठी घेऊन की काठीशिवाय? आणि ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात ती कुठे होती? आधीची नोंद नसेल तर नंतरच्या आकड्याला काहीही किंमत नाही. धुळे, जळगाव, नंदुरबारकडे हे ऑपरेशन झालेल्या किंवा होणार असलेल्या रुग्णांना तपासणाऱ्यांसाठी, आणि त्यांना घरी सांभाळणाऱ्यांसाठी, ती नोंद कशी करायची ते इथे सविस्तर मांडतो.

आधी पाय समजून घेऊ. लकव्यानंतर बऱ्याच जणांची पोटरी घट्ट होते, टाच वर उचलली जाते आणि तळपाय आत वळतो. वजन पायाच्या बाहेरच्या कडेवर पडतं. करंगळीच्या मुळाशी घट्टा पडतो, बोटं आत मुडपतात, चप्पल पायात राहत नाही. घरचे अहिराणीत सांगतात, "पाय वाकडा पडस, चप्पल निंघी जास." निदानाची निम्मी माहिती या एका वाक्यात आहे. टाच उचलली जाते ती पोटरीच्या दोन स्नायूंमुळे. पाय आत वळतो तो कधी नडगीच्या पुढच्या टिबियालिस अँटेरियरमुळे, कधी मागच्या टिबियालिस पोस्टेरियरमुळे, तर कधी दोन्हींमुळे.

ऑपरेशनही एकच एक नसतं. लोक सरसकट 'शिरेचं ऑपरेशन' म्हणतात, पण त्यात तीन-चार कामं एकत्र असू शकतात. टाचेची शीर, म्हणजे अकिलिस टेंडन, तीन ठिकाणी अर्धे-अर्धे छेद देऊन लांब करतात. टिबियालिस अँटेरियरचं टेंडन उभं चिरून त्याचा बाहेरचा अर्धा भाग पायाच्या बाहेरच्या हाडात बसवतात, म्हणजे एकच स्नायू दोन्ही बाजूंनी सारखा ओढतो. मुडपलेल्या बोटांच्या शिरा तळाकडून सोडवतात. हाडांचे सांधेच कडक झाले असतील तर सांधे जोडण्याचं ऑपरेशन लागतं. केसपेपरवर यातलं नेमकं काय केलं ते लिहिलेलं हवं, कारण पुढे चालीत दिसणारा प्रत्येक बिघाड यातल्या कुठल्या ना कुठल्या कामाशी जोडलेला असतो. लकव्याचा झटका आल्यावर पहिले सहा महिने हालचाल आपली आपण बरीच सुधारते, म्हणून हे ऑपरेशन सहसा त्यानंतरच करतात. त्याआधी केलं तर सुधारणा ऑपरेशनची की निसर्गाची, हे कोणालाच सांगता येणार नाही.

आता पहिलं मोजमाप. ते मी दोनदा घ्यायला सांगेन. ऑपरेशनच्या आधीच्या पंधरा दिवसांत, दोन वेगळ्या दिवशी. लकव्याच्या रुग्णाची चाल रोज सारखी नसते. थंडीत, तापात, लघवी तुंबलेली असताना किंवा रात्री झोप झाली नसेल तर स्नायूंचा ताठरपणा वाढतो. दोन दिवसांच्या आकड्यांत जेवढा फरक पडला, तेवढा तर काहीही न करता पडतो. नंतरची सुधारणा त्याहून मोठी असेल तरच ती सुधारणा. दोनदा मोजायला वीस मिनिटं जास्त जातात, आणि एकदाच मोजलेल्या आकड्यावर वर्षभर वाद घालण्यापेक्षा ती वीस मिनिटं स्वस्त आहेत.

मोजण्याआधी कागदावर काही गोष्टी असायलाच हव्यात. ताठरपणा कमी करणारी बॅक्लोफेन किंवा टिझॅनिडीनची गोळी चालू आहे का, किती मिलिग्रॅम, आज किती वाजता घेतली. पोटरीत स्नायू सैल करणारं बोटुलिनमचं इंजेक्शन कधी दिलं होतं. त्याचा असर साधारण तीन महिने टिकतो, म्हणून इंजेक्शनला दोन महिने झाले असताना घेतलेली 'आधीची' चाल खरी आधीची नसते. काठी कोणती, साधी की चार पायांची, की वॉकर. पायात काय. धडगाव-अक्कलकुव्याकडून तीन-चार तास एसटीत बसून आलेल्या माणसाला उतरल्या उतरल्या चालवायचं नाही. अर्धा तास बसू द्या, पाणी पिऊ द्या, रक्तदाब पाहा. मार्च ते जूनमध्ये चाचणी सकाळीच उरकावी. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास गेलेला असताना दुपारी घेतलेला आकडा उन्हाचा असतो, पायाचा नसतो. आधीची चाचणी सकाळी झाली असेल तर नंतरचीही सकाळीच.

दहा मीटर चालणं ही या सगळ्यातली सर्वात कामाची चाचणी. सपाट, कोरडी फरशी हवी. एकूण १४ मीटरचा पट्टा आखायचा. पहिले २ मीटर वेग धरायला, मधले १० मीटर मोजायला, शेवटचे २ मीटर थांबायला. स्टॉपवॉच रुग्ण निघाला की नव्हे, तर त्याचं पुढचं पाऊल २ मीटरची रेघ ओलांडताना सुरू करायचं आणि १२ मीटरची रेघ ओलांडताना थांबवायचं. 'रोजच्यासारखे चाला' असं सांगून तीन फेऱ्या घ्यायच्या, त्यांची सरासरी काढायची. मग 'पडणार नाही एवढ्या बेताने जमेल तितकं भरभर चाला' असं सांगून पुन्हा तीन. मोजणाऱ्याने लुळ्या बाजूला, अर्धं पाऊल मागे राहायचं. पुढे चाललात तर रुग्ण तुमच्या वेगाने चालतो आणि मोजला जातो तो तुमचा वेग. आधाराला कमरेभोवती रुंद पट्टा बांधा. हात धरलात तर ती मदत झाली आणि तसं लिहावं लागेल.

वेळ मोजताना पावलंही मोजायची. यासाठी वेगळं यंत्र लागत नाही, माहिती मात्र दुप्पट मिळते. उदाहरणादाखल आकडे घेऊ. ऑपरेशनआधी १० मीटरला ३२ सेकंद आणि ३० पावलं, म्हणजे वेग ०.३१ मीटर प्रति सेकंद, पाऊल ३३ सेंटिमीटर, मिनिटाला ५६ पावलं. वर्षाने २४ सेकंद आणि २५ पावलं, म्हणजे वेग ०.४२, पाऊल ४० सेंटिमीटर, मिनिटाला ६२.५ पावलं. वेग वाढला आणि त्यातला मोठा वाटा पाऊल लांबल्याचा आहे, हे इथे स्पष्ट दिसतं. नुसतीच पावलांची घाई वाढून वेग वाढला असता तर पायाच्या ऑपरेशनला त्याचं श्रेय देताना मी थांबलो असतो.

वेगाचा अर्थ लावायला जॅकलिन पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दिलेल्या पायऱ्या अजून वापरतात. ०.४ च्या खाली घरापुरतं चालणं, ०.४ ते ०.८ गल्ली-शेजारापुरतं, ०.८ च्या वर बाहेर मोकळं फिरणं. वरच्या उदाहरणातला माणूस पहिल्या पायरीवरून दुसरीवर आला. किती फरकाला महत्त्व द्यायचं याचेही ढोबळ आकडे आहेत. सेकंदाला ०.०५ मीटरचा फरक जेमतेम जाणवण्याजोगा, ०.१ चा भरीव. लकव्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांतल्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासात हा आकडा ०.१६ पर्यंत जातो, पण तो काळ वेगळा. आपले ऑपरेशनचे रुग्ण त्यापुढचे असतात.

तरीही फक्त वेगावर ऑपरेशनला पास-नापास करणं मला चुकीचं वाटतं, आणि खानदेशात तर ते जास्तच चुकीचं. परदेशी लेखांत 'ब्रेस (घोटा सरळ धरून ठेवणारा आधार) सुटला का' हा मोठा निकष असतो. तिथे माणूस घरातही बूट घालतो आणि ब्रेस त्या बुटात बसतो. आपल्याकडे चप्पल उंबऱ्याबाहेर राहते. स्वयंपाकघर, देवघर, न्हाणी, सगळीकडे अनवाणी. म्हणजे दिवसाचे निम्म्याहून जास्त तास ब्रेस कोपऱ्यात पडलेला असतो आणि माणूस वाकड्या पायावर, फरशीवर, आधाराशिवाय फिरतो. आपला रुग्ण ब्रेसवाला आहे ही कागदावरची गोष्ट. प्रत्यक्षात तो अनवाणीच चालतो. म्हणून इथे प्रत्येक वेळी निदान दोन स्थितींत मोजलं पाहिजे: एक अनवाणी, ब्रेसशिवाय आणि दुसरी त्याच्या रोजच्या चपला-बुटात, ब्रेस असेल तर ब्रेससह. दोन्ही आकडे वेगळे लिहायचे. ऑपरेशनआधी ब्रेससह ०.४५ आणि अनवाणी ०.२५ असलेला माणूस वर्षाने दोन्हींत ०.४५ आला, तर ब्रेसच्या रकान्यात फायदा शून्य दिसेल. घरातल्या माणसाला विचारा तो फायदा किती मोठा आहे.

अनवाणी चालवताना एक खबरदारी घ्यायची. या पायाची संवेदना बऱ्याचदा कमी असते. एप्रिल-मेमध्ये व्हरांड्यातल्या किंवा अंगणातल्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालवलं तर तळवा भाजेल आणि रुग्णाला ते कळणारही नाही. आधी आपला तळहात फरशीवर टेकवून पाहा, मग चालवा.

सहा मिनिटं चालण्याची चाचणी दमसास दाखवते. ३० मीटरचा सरळ मार्ग, दोन्ही टोकांना खूण, सहा मिनिटांत किती मीटर झाले ते लिहायचं. मध्ये थांबायची मुभा, घड्याळ मात्र चालूच. तुमच्या दवाखान्यात १५ मीटरचाच व्हरांडा असेल तर तोच वापरा, पण मग नेहमी तोच. लहान मार्गावर वळणं वाढतात, लकव्याच्या रुग्णाला वळण महागात पडतं आणि अंतर कमी भरतं. आधी १५ आणि नंतर ३० मीटरच्या मार्गावर मोजलं तर मार्गच सुधारेल, माणूस नाही. विश्रांतीत नाडी १२० च्या वर किंवा रक्तदाब १८०/१०० च्या वर असेल, अथवा गेल्या महिन्याभरात हृदयविकाराचा झटका आला असेल, तर ही चाचणी करायची नाही. साधारण २० मीटरचा फरक लहान, ५० मीटरचा भरीव. पण सहा मिनिटांचा आकडा हृदय, फुप्फुसं, मांडी, सगळ्यांचा मिळून असतो, म्हणून पायाच्या ऑपरेशनसाठी मी त्याला दुय्यम मानतो.

खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन परत बसण्याची चाचणी दोन मिनिटांत होते, तीही करावी. किती आधार लागतो त्यासाठी शून्य ते पाच अशी श्रेणी आहे. शून्य म्हणजे चालताच येत नाही किंवा दोन माणसं लागतात. एक म्हणजे एका माणसाचा सतत भक्कम आधार. दोन म्हणजे अधूनमधून किंवा हलका हात. तीन म्हणजे हात नको, पण कोणीतरी जवळ हवं. चार म्हणजे सपाटीवर एकटा, पायऱ्या-उतारावर मदत. पाच म्हणजे कुठेही एकटा. तीनवरून चारवर जाणं कागदावर एका अंकाचं असतं, पण तेवढ्याने घरातला एक माणूस शेतात कामाला जायला मोकळा होतो.

आता मोबाइल. व्हिडिओशिवाय या ऑपरेशनचं मूल्यमापन अर्धं राहतं, आणि मोबाइल तर आता सगळ्यांच्या हातात आहे. पँट किंवा धोतर गुडघ्यावर खोचायचं, साडी-लुगडं असेल तर ओचा वर खोचून गुडघे दिसले पाहिजेत. त्यासाठी खोलीत घरची बाई असू द्यावी, दार लावावं. मोबाइल हातात धरून मागे पळायचं नाही. तीन-चार मीटर अंतरावर, गुडघ्याच्या उंचीवर, स्टुलावर टेकवून ठेवायचा. चार दृश्यं लागतात: लुळ्या बाजूने, चांगल्या बाजूने, समोरून येताना, पाठमोरं जाताना. जमलं तर स्लो मोशन. पहिल्या वेळी मोबाइल जिथे ठेवला तिथे फरशीवर खूण करून ठेवा, पुढच्या वेळी तिथेच.

व्हिडिओत काय पाहायचं? पहिलं, पाय जमिनीला टेकतो तेव्हा आधी काय टेकतं: बोटं, बाहेरची कड, सपाट तळवा की टाच. ऑपरेशनआधी बहुधा बोटं किंवा कड असते. नंतर सपाट तळवा टेकला तरी तो मोठा फायदा आहे. प्रत्येकाची टाच आधी टेकेल अशी अपेक्षा ठेवू नये. दुसरं, पूर्ण वजन आलं की टाच जमिनीवर असते का आणि गुडघा कुठे जातो. टाच टेकत नसेल तर शरीर गुडघा मागे ढकलून ती टेकवतं. बाजूच्या दृश्यात पाय मागे वाकलेल्या धनुष्यासारखा दिसतो. शीर लांब झाल्यावर हे कमी झालं पाहिजे. तिसरं, पाय हवेत असताना अंगठा घासतो का, आणि तो घासू नये म्हणून माणूस कंबर उचलतो की पाय बाहेरून अर्धगोल फिरवतो. चौथं सर्वात सूक्ष्म आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं: चांगल्या पायाचं पाऊल किती पुढे पडतं. चांगला पाय हवेत असतो तेव्हा सगळं वजन लुळ्या पायावर असतं. त्या पायावर भरवसा नसेल तर चांगला पाय घाईघाईने जवळच टेकतो. ऑपरेशननंतर चांगल्या पायाचं पाऊल लांबलं, तर लुळा पाय भार घेऊ लागला असं समजावं.

ही लांबी मोजायला तळवे ओले करून गडद, कोरड्या शहाबादी फरशीवर चालवायचं आणि ठसे वाळायच्या आत खडूने टाचेच्या मागे खुणा करून टेपने मोजायचं. लुळ्या टाचेपासून चांगल्या टाचेपर्यंत आणि चांगल्या टाचेपासून लुळ्या टाचेपर्यंत, तीन-तीन पावलं. ठशात कुठली बाजू उमटते आणि कुठली नाही, तेही दिसतं. ओल्या तळव्याने घसरण्याचा धोका आहे, त्यामुळे शेजारी माणूस हवाच.

आणि चप्पल. ऑपरेशनआधी वापरात असलेली चप्पल फेकू देऊ नका. तळ उलटा करून फोटो काढा. बाहेरची पुढची कड झिजलेली असेल. ऑपरेशननंतर नवी जोडी घ्यायला सांगा आणि सहा महिन्यांनी तिचा तळ पाहा. दवाखान्यात माणूस नीट चालण्याचा प्रयत्न करतो, पण चप्पल सहा महिन्यांची चाल जशीच्या तशी सांगते.

पलंगावरच्या तपासणीत घोट्याचा कोन मोजताना एक चूक फार होते. तळव्याचा पुढचा भाग वर ढकलला की पायाच्या मधल्या सांध्यातून वाक येतो आणि घोटा वाकला असं वाटतं. टाच हातात धरून, पाय किंचित आत वळवून, मगच वर ढकलायचं. गुडघा सरळ ठेवून एकदा, वाकवून एकदा. गुडघा वाकवल्यावर घोटा सैल होत असेल तर दोष पोटरीच्या वरच्या स्नायूचा, गॅस्ट्रोक्नेमियसचा. दोन्हींत सारखाच घट्ट असेल तर खालचा सोलियस किंवा सांधाही त्यात आहे. हळू ढकलून किती जातो आणि झटक्याने ढकलल्यावर कुठे अडतो, हे दोन्ही कोन लिहा. अडणं आणि जाणं यांतलं अंतर म्हणजे ताठरपणा. हळू ढकलूनही जो कोन येत नाही, ते आखडणं. ऑपरेशनने आखडणं सुटतं, पण मेंदूतून येणारा ताठरपणा पुरता जात नाही. घरच्यांना हे आधीच सांगितलेलं असावं.

कधी कधी मोजायचं? प्लास्टर साधारण सहा आठवडे असतं. ते काढल्याच्या दिवशी वेग मोजू नका. त्या दिवशी टाचेची कातडी पाहा. संवेदना नसलेल्या टाचेला प्लास्टरखाली जखम होते आणि रुग्ण 'दुखतं' असं म्हणतही नाही. पोटरीला सूज, गरमपणा असेल तर रक्तवाहिनीत गुठळी झाली का ते आधी पाहावं. पुढे काही महिने ब्रेस रात्रंदिवस किंवा चालताना लागतो, सर्जन सांगेल तसा. पहिलं खरं मोजमाप तीन महिन्यांनी, मग सहा, बारा आणि जमलं तर चोवीस महिन्यांनी. तीन महिन्यांचा आकडा अनेकदा आधीपेक्षा कमी येतो, कारण मांडी वाळलेली असते आणि नव्या पायाची सवय नसते. त्याने खचायचं नाही, आणि त्यावरून निकालही द्यायचा नाही. निकाल बारा महिन्यांच्या आकड्यावर.

आता बिघाडांकडे येतो, कारण चाल मोजायची ती मुख्यतः ते वेळेत ओळखण्यासाठी.

सर्वात वाईट बिघाड म्हणजे टाचेची शीर गरजेपेक्षा जास्त लांब होणं. पलंगावर पाय सुंदर दिसतो, घोटा छान वर येतो, नातेवाईक खूश. पण चालताना नडगी अडवून धरायला पोटरीच उरत नाही, गुडघा वाकत खाली बसतो, मांडी लवकर थकते आणि चांगल्या पायाचं पाऊल आधीपेक्षाही आखूड होतं. पाय सरळ आणि वेग कमी, असं दिसलं की आधी याचीच शंका घ्यावी. थोडी आखडलेली शीर परवडली, ढिली परवडत नाही. ती परत घट्ट करणं अवघड, आणि मग नडगीला पुढून टेकू देणारा कडक ब्रेस कायमचा मागे लागतो.

दुसरा बिघाड बोटांचा. टाच खाली आल्यावर बोटं जास्तच मुडपतात, शेंड्यावर चालू लागतात, नखं काळी पडतात. बोटांच्या शिरा घोट्याच्या मागूनच जातात, घोटा वर उचलला की त्या ताणल्या जातात. ऑपरेशनआधी घोटा हाताने सरळ धरून बोटं पाहिली असती तर हे त्याच वेळी कळलं असतं आणि बोटांच्या शिराही त्याच वेळी सोडवता आल्या असत्या.

तिसरा, बसवलेलं टेंडन हाडातून सुटणं. लकव्याच्या बाजूचं हाड ठिसूळ झालेलं असतं. सुरुवातीला चाल बरी असते, मग एक दिवस अचानक पाय हवेत पुन्हा आत वळू लागतो. पाय वर उचलायला सांगून पावलाच्या बाहेरच्या बाजूला बोट ठेवा, टेंडन ताणलेलं लागतं का ते पाहा. याउलट, पाय बाहेर जास्त वळला तर आतल्या घोट्याखाली दुखतं आणि चपलेची आतली कड झिजते. हळूहळू, महिन्यामहिन्याने जुनी ठेवण परत येत असेल तर टेंडन सुटलेलं नसतं, ताठरपणा वर आलेला असतो. त्याला इंजेक्शन, ब्रेस आणि ताणाचे व्यायाम हा पहिला उपाय.

आणि एक असा प्रसंग, ज्यात पायाचा दोषच नसतो. घोटा सरळ, टाच टेकते, तरी अंगठा घासतो. इथे गुडघा पाहा. पाय हवेत असताना तो वाकतच नसेल तर मांडीचा पुढचा स्नायू ताठ आहे. घरचे म्हणतात ऑपरेशन फसलं. बाजूचा व्हिडिओ त्यांच्यासमोर हळू चालवून गुडघा दाखवला की त्यांना पटतं. हा व्हिडिओ ऑपरेशनच्या आधी दाखवला असता तर अपेक्षाच वेगळी बांधली गेली असती.

अपेक्षा मोजायचीही पद्धत आहे. ऑपरेशनआधी रुग्णासोबत बसून दोन-तीन उद्दिष्टं ठरवायची आणि प्रत्येकाला उणे दोन ते अधिक दोन अशी पट्टी लावायची. ठरलं तेवढं जमलं तर शून्य. उद्दिष्टं त्याच्या घरातली हवीत. रात्री कोणाला न उठवता, ब्रेस न बांधता न्हाणीपर्यंत जाणं. चप्पल न निसटता ओट्यावरून उतरून पारापर्यंत जाणं. कोणी वर न ओढता एसटीची पहिली पायरी चढणं. कपाशीच्या बांधावर उभं राहून मजुरांवर लक्ष ठेवणं. पावसाळ्यात आपली काळी माती तळव्याला चिकटून चप्पल जड करते, तेव्हा 'शेतात जाणं' असं मोघम लिहू नका, कोणत्या महिन्यात आणि कुठवर ते लिहा. उकिडवं बसणं हे उद्दिष्ट मात्र बहुतेकांना देऊ नये. ते गुडघा, नितंब आणि तोल यांवरही तेवढंच अवलंबून आहे, त्यासाठी कमोडची खुर्ची आणणं बरं. प्रत्येक भेटीत दोन प्रश्न न चुकता विचारायचे: गेल्या भेटीपासून किती वेळा पडलात, आणि पाय कुठे दुखतो. वेग वाढला आणि पडणंही वाढलं, तर तो फायदा नाही.

एक अडचण खरी आहे. पेरणी, कापूस वेचणी, केळीची कापणी या दिवसांत सोबत यायला घरचा माणूस मोकळा नसतो आणि सहा महिन्यांची भेट चुकते. यासाठी दोरीचा उपाय चांगला. १४ मीटर नायलॉनची दोरी मोजून द्यायची, २ मीटरवर आणि १२ मीटरवर लाल चिंधीची गाठ बांधून. काथ्याची किंवा तागाची नको, ती भिजली की आखडते. घरच्या माणसाने ती गल्लीत किंवा खळ्यावर सपाट जागी ताणून ठेवायची, कडेने रुग्णाला चालवायचं आणि दोन्ही गाठी दिसतील असा व्हिडिओ एका जागेवरून काढायचा. वेळ त्याने मोजायची गरज नाही, व्हिडिओतल्या घड्याळावरून दवाखान्यात मोजता येते. डिस्चार्जच्या दिवशी एकदा त्यांच्याकडूनच करून घ्या. दोरी गुंडाळून फाइलच्या पिशवीत ठेवा आणि फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: तारीख, वेळ, अनवाणी की चप्पल, कोणती काठी, सेकंद, पावलं. खाली पाच ओळी रिकाम्या सोडा. पहिल्या दोन ऑपरेशनआधी भरलेल्या असायला हव्यात.